एका दिवसाची मजल

आपल्या मराठीत ‘मजल दरमजल करीत’ असा एक शब्दप्रयोग आहे. जुन्या बखरींतून तो वारंवार भेटतो आणि आजही आपण तो सहज वापरतो. मजल म्हणजे एका दिवसात पायी तोडता येणारे अंतर. मूळ अरबी ‘मंझिल’ या शब्दाचा अर्थ उतरण्याचे, मुक्काम करण्याचे ठिकाण असा आहे. म्हणजे ज्या शब्दाने आपण चालणे मोजतो, तो शब्द मुळात थांबण्याचा आहे! ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते आणि प्रस्तुत लेखाचा तोच विषय आहे.

तीर्थक्षेत्रांविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. क्षेत्राचे माहात्म्य, मंदिराचे शिल्प, मूर्तीची प्राचीनता यांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. परंतु घर आणि क्षेत्र यांच्यामधले जे दिवस यात्रेकरू वाटेवर घालवतो, त्यांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. यात्रा पंधरा-वीस दिवसांची असली तरी ती एकेका दिवसाने बनलेली असते. कापडाचा पोत पाहायचा तर आम्ही व्यापारी ठाण उलगडून एकच पट्टा उजेडात धरतो. त्याच रीतीने यात्रेतला एकच दिवस येथे पाहू.

कुंभारीची वाट

आपले कुंभारी गाव सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर, सोलापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर वसलेले आहे. पुढे वळसंग आणि त्यापुढे अक्कलकोट. सोलापूर ते अक्कलकोट हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. जुन्या हिशेबाने कोस सुमारे दोन मैलांचा धरला, तर बारा कोसांची ही वाट धडधाकट माणसाला दीड ते दोन मजलांची होते. अक्कलकोटला श्री स्वामी समर्थांनी १८७८ साली देह ठेवला. तेव्हापासून आजतागायत या वाटेने त्यांच्या दर्शनाला पायी जाणाऱ्यांची रीघ आहे. अश्विनी पौर्णिमेला तुळजापूरच्या भवानीला पायी जाणाऱ्यांचे लोंढे सोलापुरातून उत्तरेकडे निघतात, त्यांत कर्नाटकातून आलेल्यांची संख्या मोठी असते. शिवाय चातुर्मास संपला की आपले साधू-साध्वीही याच भागातील रस्त्यांनी अनवाणी विहार करतात. सोलापूर जिल्हा हा असा सर्व बाजूंनी पायवाटांनी विणलेला जिल्हा आहे.

या सर्व वाटांमध्ये जिच्या एकेका दिवसाची शिस्त अत्यंत काटेकोरपणे ठरलेली आहे, ती वाट म्हणजे आळंदी ते पंढरपूर ही ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची वाट. तिचा अखेरचा आणि महत्त्वाचा टप्पा आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस आणि पंढरपूर तालुक्यांत येतो. म्हणून एका दिवसाच्या चालण्याचा इतिहास समजून घ्यायचा, तर तेथे जाणे इष्ट ठरेल.

शिस्त कोणी घालून दिली?

पंढरपूरचे क्षेत्र प्राचीन आहे. तेथील मंदिरातील प्रसिद्ध ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातील असून त्यात मंदिरासाठी दान देणाऱ्यांच्या नोंदी आहेत. रामदेवराव यादवाचे नावही त्यात येते. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. त्यांच्या वडिलांच्या, विठ्ठलपंतांच्या काळीही पंढरीची वारी होत होती, असे परंपरा सांगते. तुकाराम महाराजांच्या घराण्यात तर वारी पिढीजातच होती.

मात्र वारीला पालखीचे स्वरूप आले ते १६८५ साली. तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी ज्ञानेश्वर आणि तुकाराम या दोघांच्या पादुका एकाच पालखीत ठेवून पंढरपूरला नेण्याची प्रथा सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आळंदीची पालखी स्वतंत्रपणे निघू लागली. याचे श्रेय हैबतबाबा पवार आरफळकर यांच्याकडे जाते. हैबतबाबा सातारा जिल्ह्यातील आरफळचे. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते आणि पुढे सर्व सोडून आळंदीस येऊन राहिले. आळंदीच्या महाद्वारातील एक पायरी आजही त्यांच्या नावाने पूजिली जाते.

लष्करात आयुष्य घालवलेल्या या गृहस्थाने पालखीला लष्करी घडी दिली. दिंड्यांना अनुक्रम दिला. कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, हे ठरले. कूच करण्याची वेळ, मुक्कामाची जागा आणि चोपदाराचा अधिकार हेही ठरले. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. अंकलीहून हे घोडे आजही दरवर्षी दहा-अकरा दिवस चालत आळंदीला येतात आणि मग पालखीबरोबर पंढरीची वाट धरतात. पण या फौजेजवळ शस्त्र नाही, पगार नाही आणि शिक्षाही नाही. हुकूम आहे आणि तो मनापासून पाळणारी माणसे आहेत, एवढ्यावर तिचा कारभार दोन शतके चालला आहे.

नातेपुते ते माळशिरस

आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघालेली पालखी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. फलटण, बरड मागे टाकून धर्मपुरीला ती सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. दुसऱ्या दिवसाची मजल नातेपुते ते माळशिरस, सुमारे अठरा किलोमीटरची. हाच दिवस आपण पाहू.

पहाटे तीन-साडेतीनलाच तळावर जाग येते. टँकर आणि विहिरी यांच्याभोवती स्नानासाठी गर्दी होते. राहुट्या उतरतात, वळकट्या बांधल्या जातात आणि दिंडीच्या सामानाचे ट्रक भरले जातात. ट्रक येण्यापूर्वी हे काम बैलगाड्या करीत. पादुकांची पूजा होते आणि मग कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला तयार व्हायचे, दुसऱ्याला आपापल्या दिंडीत रांगेने उभे राहायचे आणि तिसऱ्याला पाऊल उचलायचे. लाखांचा समुदाय तीन कर्ण्यांवर हलतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही.

दिंडीत चालण्यालाही रचना आहे. पुढे पताकाधारी, मग टाळकरी, मध्ये मृदंग आणि वीणेकरी, मागे तुळशीवृंदावन व पाण्याची घागर डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया. वीणा खाली ठेवायची नाही, हा दंडक आहे. एक थकला तर दुसऱ्याच्या गळ्यात ती जाते. अभंगांचाही क्रम ठरलेला आहे. सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे आणि सायंकाळी हरिपाठ. घड्याळ नसलेल्या माणसालाही कोणता अभंग चालला आहे यावरून दिवस किती चढला ते कळावे, अशी ही योजना आहे.

चालण्याची गती कोण ठरवतो? पालखीचा रथ बैल ओढतात, तेव्हा सर्व सोहळ्याची गती ही बैलाची गती असते. बैलाच्या चालीने सत्तर वर्षांची आजीबाई चालू शकते, तसाच सोळा वर्षांचा मुलगाही. तरुणाला ही चाल हळू वाटते, पण त्याने पुढे पळून जायचे नसते. यात्रेची मजल अशी सर्वांत बलवान माणसाच्या पायाने मोजलेली नाही. ती दुबळ्या माणसाला झेपेल इतकीच आहे. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा दिवस सोडला, तर बहुतेक मजला पंधरा-वीस किलोमीटरच्या आत बसवलेल्या आहेत. तिथीचा क्षय झाला तर वाटेवरच्या लोणंदसारख्या मोठ्या मुक्कामातून एखादा दिवस कमी केला जातो.

दुपारचा विसावा आणि भोजन मांडवे ओढ्यावर होते. भाकरी, पिठले, आमटी, भात असे साधे अन्न असते. दिंडीचा खर्च वर्गणीतून चालतो. वारकरी तिला ‘भिशी’ म्हणतात. कोणी पैशाने भरतो, तर कोणी धान्य आणतो. ज्याला काहीच शक्य नसते त्याच्यापुढेही पान मांडले जाते. जेवणानंतर झाडाखाली, ट्रकच्या सावलीत, मिळेल तेथे माणसे आडवी होतात.

त्यानंतर पुरंदावडे येथे, सदाशिवनगरच्या माळावर, गोल रिंगण होते. मोकळ्या मैदानात दिंड्यांचे कडे पडते. पताकाधारी, तुळशीवाल्या स्त्रिया आणि वीणेकरी फेऱ्या मारतात आणि शेवटी घोडे सुटतात. एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो आणि दुसरा मोकळा असतो. तो माउलींचा. घोडे गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावायला माणसे धावतात. मग उड्यांचा खेळ, फुगड्या. अर्धी मजल झालेली आहे, पाय दुखत आहेत, अशा वेळी हा आनंद योजणाऱ्याला मनुष्यस्वभाव किती पक्का ठाऊक असावा! पुढे येळीवला पुन्हा विसावा आणि सायंकाळी माळशिरसचा तळ.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने या दिवसाची जमाखर्चाची वही मांडू. सकाळी सहाच्या सुमारास निघून पालखी सायंकाळी सहा-सातच्या दरम्यान पोहोचते. म्हणजे बारा तास झाले. अठरा किलोमीटर अंतर बैलाच्या चालीनेही सहा तासांच्या आतबाहेर तोडता येते. उरलेले सहा तास कोठे गेले? ते न्याहारीत, नैवेद्यात, भोजनात, विसाव्यात, रिंगणात आणि गावोगावच्या स्वागतात गेले. चालण्याच्या दिवसातला अर्धा दिवस थांबण्याचा आहे! मजल हा शब्द मुळात थांबण्याचा का, ते या हिशेबाने उमगते.

समाज आरती

तळावर पोहोचल्यावर लगेच कोणी पथारी पसरत नाही. सर्व दिंड्या पालखीभोवती वर्तुळाकार उभ्या राहतात आणि टाळ-मृदंगाचा गजर आकाशाला भिडतो. मग चोपदार हातातील दंड उंच धरतो आणि क्षणार्धात शांतता पसरते. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, निवाडा होतो आणि मग ते टाळ थांबतात. त्यानंतर दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. चष्मा, पैशांचे पाकीट, टाळाची जोडी, ज्याची असेल त्याने घेऊन जावी. दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आरती होते आणि समाज पांगतो.

कोणत्याही संस्थेच्या विश्वस्तांनी ही पद्धत अवश्य अभ्यासावी. दिवसाची तक्रार दिवस मावळण्यापूर्वी, सर्वांदेखत, मिटवायची आणि उद्याच्या वाटेवर तिचे ओझे न्यायचे नाही. आमच्या पेढ्यांवर रोजकीर्द रोज लिहून शिल्लक काढण्याची शिस्त असे. समाज आरती ही लाखो माणसांच्या मनाची रोजकीर्द आहे.

तथापि इतिहास लिहिताना गौरवाबरोबर उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. इरावती कर्वे यांनी वारीबरोबर चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकच नाम घेत एकाच वाटेने चालणारी माणसे जेवणाच्या वेळी मात्र जातीजातीच्या निराळ्या पंगतींत बसतात, याची खंत त्यांनी त्यात व्यक्त केली आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना तर शेकडो मैल चालूनही पंढरपूरच्या मंदिराचे दार बंदच होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. वाट सर्वांना घेते, अडवणूक होते ती उंबरठ्यावर. थांबवून घेणाऱ्यांची जबाबदारी किती मोठी असते, हे या एका घटनेवरून ध्यानात येईल.

मुक्कामाचे गाव

नातेपुते, माळशिरस किंवा वेळापूर हे गाव एरवी काही हजार लोकवस्तीचे. वर्षातून एका रात्री तेथे लाखो माणसे उतरतात. पाणी, सरपण, उजेड, औषध, झोपण्यापुरती कोरडी जागा, हे सारे त्या एका रात्रीसाठी सिद्ध ठेवायचे आणि पहाटे कर्णा वाजला की सर्व रिकामे. शाळा, मंदिरे, घरांच्या ओसऱ्या, दुकानांच्या पडव्या त्या रात्री कोणाच्या खाजगी मालकीच्या राहत नाहीत. फलटण, नातेपुते, माळशिरस, अकलूज या पेठांमध्ये जैन व्यापाऱ्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पालखी आली की आपली दुकाने आणि वाडे उघडे करून वारकऱ्यांची सेवा करणारी घरे त्यांतही आहेत. देव वेगळा, उपासना वेगळी, पण दारी आलेला पांथस्थ सर्वांचाच अतिथी, हा विवेक या पेठांनी जपला.

हा विवेक फार जुना आहे. सम्राट अशोकाने वाटेवर वडाची झाडे लावली, विहिरी खोदविल्या आणि विसाव्याची स्थाने बांधली, असे त्याचे शिलास्तंभावरील लेख सांगतात. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरातील होळकर वाडा त्यांतलाच. मजलेच्या अंतरावर पाणी आणि आसरा असला तरच वाट जिवंत राहते, हे या दात्यांनी ओळखले होते. व्यापाराचेही तेच. आमच्या वडिलांच्या पिढीत कापडाचे गठ्ठे बैलगाडीवर घालून आठवडे बाजारांना नेत. रात्री कोठे उतरायचे, बैलांना पाणी कोठे मिळेल, ओळखीची ओसरी कोणाची, हे ठरल्याखेरीज गाडी जुंपली जात नसे. यात्रेकरू आणि व्यापारी दोघेही त्याच धर्मशाळेत उतरत आणि त्याच विहिरीचे पाणी पीत.

आपल्या परंपरेतील मजल

जैन परंपरेत तर पायी चालणे हे व्रतच आहे. साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत. दिवसाच्या उजेडात, पायाखालच्या जीवांना जपत चालायचे, यास ईर्यासमिती म्हणतात. पुढील सुमारे चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, असा नियम आहे. चार हात म्हणजे आमच्या गजपट्टीने दोन वार. शेकडो कोसांचा विहार करणाऱ्याने नजर मात्र दोन वारांवर ठेवायची, याहून सुंदर उपदेश कोणता असू शकेल?

श्वेतांबर परंपरेत ‘छरी पालित’ संघाची प्रथा आहे. ‘री’ने संपणारे सहा नियम, ज्यांत पादचारी म्हणजे पायी चालणे, एकाहारी म्हणजे एकवेळ भोजन, भूमीवर शयन, ब्रह्मचर्य इत्यादींचा समावेश होतो, ते पाळीत शत्रुंजयासारख्या तीर्थाला संघाने जावयाचे. तेराव्या शतकात गुजरातचे मंत्री वस्तुपाल यांनी शत्रुंजय-गिरनारचे मोठे संघ काढले, त्यांची वर्णने तत्कालीन ग्रंथांत आहेत. दिगंबर परंपरेत आपल्या दक्षिण महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा प्रसंग म्हणजे चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची सम्मेदशिखरजीची यात्रा. १९२७ च्या चातुर्मासानंतर कुंभोज-बाहुबली येथून महाराज संघासह निघाले आणि १९२८ च्या फाल्गुनात शिखरजीला पोहोचले. संघाच्या व्यवस्थेचा भार मुंबईचे शेठ पूनमचंद घासीलाल जव्हेरी यांच्या कुटुंबाने उचलला होता. महाराज पायी चालत, पण पुढच्या मुक्कामाची तयारी करणारी माणसे त्यांच्या आधी तेथे पोहोचलेली असत. त्याशिवाय एवढा संघ एवढ्या दूर जाणे अशक्य होते.

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ज्येष्ठ-आषाढात वारकरी पंढरीची वाट चालतो, त्याच दिवसांत जैन साधू आपल्या चातुर्मासाच्या गावी पोहोचण्यासाठी चालत असतात. वारकऱ्याची वाट आषाढी एकादशीला पूर्ण होते आणि आषाढ शुक्ल चतुर्दशीला साधूंचा वर्षावास सुरू होतो. म्हणजे त्या पंधरवड्यात आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर दोन्ही परंपरांची पावले एकाच वेळी चालत असतात. आणि दोघांनाही सायंकाळी हवे असते ते एकच, आपुलकीने दिलेली मुक्कामाची जागा.

रूळ, डांबर आणि पाऊल

सोलापूरला आगगाडी १८६० साली आली. बार्शी लाइट रेल्वेचा फाटा १९०६ साली पंढरपूरपर्यंत पोहोचला. आता पायी कोण जाणार, असे त्या काळी अनेकांना वाटले असेल. प्रत्यक्षात आगगाडीने यात्रेकरूंची संख्या वाढविली आणि पायी चालणारे मात्र चालतच राहिले. पुढे मोटारी आल्या, एस. टी. आली, तरी दिंड्या घटल्या नाहीत. अंतर तोडणे हा यात्रेचा हेतू असता, तर वाहनांनी ती केव्हाच संपविली असती. चालताना माणसामध्ये जो बदल घडतो तो हवा असतो, म्हणून माणसे चालतात.

खंड पडला तो वेगळ्याच कारणाने. करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी पादुका एस. टी. बसमधून, मोजक्या माणसांसह, पंढरपूरला न्याव्या लागल्या. पादुका पोहोचल्या आणि एकादशीही झाली. परंतु नातेपुते, माळशिरस, वेळापूर या गावांनी त्या दोन वर्षी काय अनुभवले असेल? दार उघडे ठेवून बसावे आणि कोणीच येऊ नये, अशी ती अवस्था होती. २०२२ मध्ये पालखी पुन्हा पायी निघाली, तेव्हा वाटेवरच्या गावांच्या डोळ्यांत पाणी होते ते या कारणाने. वारी जशी चालणाऱ्यांची आहे, तशीच ती थांबवून घेणाऱ्यांची आहे, हे त्या दोन वर्षांनी सिद्ध केले.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. कडेने पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गाची योजना त्यात आहे. रुंद रस्ता ही काळाची गरज आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जुन्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची वड, लिंब, चिंचेची झाडे रुंदीकरणात जातात आणि त्यांच्या सावलीत होणारा विसावाही जातो. डांबर आणि सिमेंट उन्हात तापते. अनवाणी चालणाऱ्या साधूला त्याचा दाह किती होत असेल! त्याहून दुःखद म्हणजे विहारात असताना भरधाव वाहनाच्या धडकेने साधू-साध्वींचे देहावसान झाल्याच्या वार्ता देशाच्या निरनिराळ्या भागांतून येतात. ईर्यासमिती पाळून मुंगीला वाचवीत चालणारा जीव मागून येणाऱ्या वाहनाखाली जावा, यासारखी शोकांतिका नाही.

आपल्यापुढील कर्तव्य

कुंभारी आता पूर्वीचे लहान खेडे राहिलेले नाही. विडी कामगारांसाठी बांधलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरांचे हस्तांतरण २००६ साली झाले. पुढे रे नगरच्या तीस हजार घरांच्या प्रकल्पातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आले. रस्ता चौपदरी झाला. जेथे माळरान होते तेथे नगर उभे राहिले, ही आनंदाची गोष्ट आहे. कष्टकऱ्यांना हक्काचे छप्पर मिळाले, यापरते पुण्य नाही.

पण सोलापुरातून पहाटे निघालेल्या पांथस्थासाठी कुंभारी आजही तितक्याच अंतरावर आहे. ऊन चढण्याच्या सुमारास तो येथे पोहोचतो. साधूंच्या सकाळच्या विहारालाही हे अंतर नेमके योग्य आहे. मुंबई आणि गुजरातच्या महामार्गांवर जैन संस्थांनी अशाच अंतरा-अंतरावर विहारधामे बांधली आहेत. आपल्या गावात जागा महाग होत चालली आहे. आज मोकळा असलेला रस्त्यालगतचा तुकडा उद्या दुकानांच्या ओळीखाली जाईल आणि मग थांबायला जागा शोधूनही सापडणार नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी विश्वस्त मंडळापुढे आणि समाजबांधवांपुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. भव्य बांधकामाची आवश्यकता नाही. रस्त्यापासून थोडी आत, दोन खोल्या आणि एक ओसरी, साधूंसाठी गाळलेल्या व उकळलेल्या पाण्याची सोय, स्त्रियांसाठी सुरक्षित आडोसा व स्वच्छतागृह, दारात चार लिंबाची झाडे आणि रात्री दुरून दिसेल असा एक दिवा. एवढे झाले तरी पुरेसे आहे. आत येणाऱ्याला त्याचा पंथ, जात आणि तीर्थ विचारले जाऊ नये. अक्कलकोटला जाणारा स्वामीभक्त, तुळजापूरहून परतणारी कर्नाटकातील मायमाउली आणि चातुर्मासाच्या गावी निघालेले महाराज साहेब, हे सर्व त्या ओसरीवर सारखेच पांथस्थ असावेत. व्यवस्थेसाठी वेगळ्या निधीची फार मोठी आकडेमोड नको. दर महिन्याला एका घराने जबाबदारी घेतली तर बारा घरांत वर्ष निघेल.

ट्रस्टची पन्नास वर्षे ही देखील एक मजलच आहे. ती ज्यांनी चालून पूर्ण केली त्या सर्व ज्येष्ठांना सादर वंदन. पुढील मजल नव्या पिढीची. ती सुरू करताना त्यांनी वाटेवरच्या माणसासाठी एक दार उघडे ठेवावे, हीच या सुवर्णमहोत्सवानिमित्त जिनेंद्रचरणी प्रार्थना.